पाच लिटर हवा

माझं कामाचं टेबल चार फूट बाय दोन फूट आहे. त्यावर लॅपटॉप, मॉनिटर, काडेपेटीएवढा एक डॅक (म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी डबी) आणि उभ्या ठेवलेल्या बुटांच्या खोक्याहून जरा लहान असे दोन स्पीकर आहेत. अॅम्प्लिफायर स्पीकरांच्या पोटातच आहे. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत याहून जास्त काही मावत नाही, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना याहून जास्त सोसणारही नाही.

ही मांडामांड करताना प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर आकडे दिसत होते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, ५ व्होल्ट, चार इंची वूफर. दुकानदार ते आकडे मंत्रासारखे म्हणतात आणि यूट्यूबवरचे लोक त्यांवरून भांडतात. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. जुन्या कोडमध्ये ४४१०० असा विचित्र आकडा सापडला की आमची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: हा इथे कुणी घातला, आणि त्या दिवशी त्याच्यापुढे काय अडचण होती? तेच कुतूहल टेबलावरच्या वस्तूंना लावलं आणि एकेका आकड्यामागे एकेक खटपट निघत गेली. त्यांतल्या फार थोड्या खटपटी संगीतासाठी झाल्या होत्या.

४४,१०० चंच घ्या. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि एखादी लहर पुरती टिपायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा तिचं माप घ्यावं लागतं, एवढं पाठ्यपुस्तकात असतं. म्हणजे ४०,००० च्या वर काहीतरी हवं. पण नेमके ४४,१०० का? कारण १९७० च्या दशकात आवाजाचे एवढे आकडे भराभर साठवू शकेल असं हाताशी असलेलं यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. इंजिनियरांनी आवाजाचे आकडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत बदलले आणि टीव्हीचं चित्र म्हणून व्हिडिओ टेपवर उतरवले. जपानी-अमेरिकन पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रं, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेषा, रेषेवर तीन मापं. गुणाकार करा: ४४,१००. युरोपीय पद्धतीत ५० अर्धचित्रं, २९४ रेषा, तीन मापं. पुन्हा ४४,१००. दोन्ही खंडांतल्या टीव्हींना चालेल असा आकडा म्हणून तो टिकला. १९८० मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी सीडीचं मानक ठरवलं तेव्हा तो तिथे आला, आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला सीडी प्लेयर विकायला आला तेव्हा जगभर कायम झाला. व्हिडिओ टेप गेली, सीडीही जवळजवळ गेली, पण माझ्या लॅपटॉपमधून निघणारा आवाज अजून त्या टीव्हीच्या रेषा मोजतो आहे. सीडीची लांबी बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीवरून ठरली ही दंतकथा सगळे सांगतात. रेषांची गोष्ट त्याहून सुरस आहे, पण तिच्यात बेथोव्हन नाही.

बिटांवरही ओढाताण झाली. फिलिप्सचा कल १४ बिटांकडे होता, सोनी १६ वर अडून बसली. सोनीचं ऐकलं गेलं. मग फिलिप्सने आपल्या सुरुवातीच्या प्लेयरांत १४ बिटांचीच चिप घातली आणि ती चौपट वेगाने चालवून १६ बिटांच्या तोडीचं काम काढून घेतलं. हा जुगाड मला त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. आज डॅकच्या चिपा जे करतात त्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

संगणकाला आवाज फुटला तो मात्र याच्या कितीतरी आधी, आणि तोही टेलिफोनच्या घरी. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज या इंजिनियराने संगणकाला सूर काढायला लावणारा प्रोग्रॅम लिहिला. पहिली रचना १७ सेकंदांची होती. ती बनवण्यासाठी लागणारा आयबीएम ७०४ न्यूयॉर्क शहरात आणि आकड्यांचा आवाज करणारं यंत्र न्यू जर्सीतल्या मरे हिलला. त्यामुळे शहरात आकडेमोड करायची, चुंबकीय टेप घेऊन परत यायचं आणि मग काय वाजतंय ते ऐकायचं. आपण प्ले बटण दाबल्यावर अर्धा सेकंद उशीर झाला तर कुरकुरतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. वाजलेलं फारसं सुंदर नव्हतं असं मॅथ्यूज स्वतःच नंतर सांगत असे.

टेलिफोन कंपनीला आवाजाचे आकडे का करायचे होते? एका तारेवरून जास्त कॉल नेण्यासाठी. बोलणं समजायला ३०० ते ३,४०० हर्ट्झ पुरतात, म्हणून सेकंदाला ८,००० मापं. १९६२ मध्ये अमेरिकेत डिजिटल टेलिफोनच्या लाइनी याच हिशोबावर सुरू झाल्या. हा आकडाही मेलेला नाही. साध्या ब्लूटूथ हेडफोनवर छान गाणं चालू असतं, ऑफिसची मीटिंग सुरू होते, माइक चालू होतो आणि सगळं जग एकदम डब्यात बसल्यासारखं होतं. माइकसह दुहेरी बोलणं सुरू झालं की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून टेलिफोनच्या वाटेवर जातो, आणि जुन्या उपकरणांत ती वाट सेकंदाला ८,००० मापांचीच आहे. दिवसातले तीन-चार तास मी माझ्या सहकाऱ्यांना १९६२ च्या आवाजात ऐकतो. वायरचे स्पीकर आणि वेगळा माइक घ्यायचं ठरवलं, त्यामागे संगीतप्रेमाइतकाच हा वैताग होता.

१९८१ चा आयबीएम पीसी ऑफिसात बसायला जन्मला होता. त्यात एक छोटा स्पीकर होता, त्याला चालू आणि बंद एवढ्या दोनच अवस्था ठाऊक होत्या. काही बिघडलं तर बीप करायचं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. त्याच्या १६० किलोबाइटच्या फ्लॉपीत सीडीच्या दर्जाचा आवाज भरला तर किती मावेल? सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे पुरता एक सेकंदही नाही. तानेचा हुंकारसुद्धा संपणार नाही.

अॅपलची गोष्ट तर कोर्टातली. बीटल्सच्या अॅपल कोअर कंपनीशी नावावरून तंटा झाला, तेव्हा १९८१ मध्ये संगणकवाल्या अॅपलने संगीताच्या धंद्यात न शिरण्याचं मान्य केलं होतं. पुढे तिचे संगणक वाद्यांशी बोलू लागले, पुन्हा खटला उभा राहिला आणि १९९१ मध्ये सुमारे २ कोटी ६५ लाख डॉलर मोजून तो मिटला. त्याच सुमारास जिम रीक्स या तिथल्या इंजिनियराने एका इशाऱ्याच्या आवाजाला ‘सोसुमी’ असं नाव दिलं आणि हा जपानी शब्द आहे अशी थाप मारली. इंग्रजीत तो मोठ्याने वाचला तर ‘मग करा माझ्यावर खटला’ असं ऐकू येतं. पुढे आयपॉड काढणाऱ्या कंपनीच्या एका टिंग आवाजामागेही वकील उभे होते.

पीसीला खरा आवाज दिला तो खेळांनी. इथे मात्र एक संगीतकार येतो. जॉन चाउनिंग हा तालवाद्यं वाजवणारा, संगीतरचना शिकणारा विद्यार्थी. मॅथ्यूजचा लेख वाचून तो त्याला भेटला, त्याच्या प्रोग्रॅमची पंचकार्डं घेऊन स्टॅनफर्डला परतला आणि १९६७ मध्ये एका लहरीने दुसरीला हलवून घंटेपासून तुतारीपर्यंत आवाज काढायची रीत त्याला सापडली. तिचा परवाना यामाहाने घेतला. तिची एक स्वस्त चिप १९८७ मध्ये कॅनडातल्या अॅडलिब कार्डावर आली, आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने तीच चिप, ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय आणि जॉयस्टिकचं भोक असं सगळं एकाच कार्डावर बसवून साउंड ब्लास्टर काढलं. जॉयस्टिकचं भोक वेगळं विकत घ्यावं लागत नाही, हे ते कार्ड खपण्याचं कारण कमी महत्त्वाचं नव्हतं.

मग दहाएक वर्षांत आवाजाची चिप मदरबोर्डवरच फुकट येऊ लागली आणि कार्डं अडगळीत गेली. फुकट आलेल्या सोयीची किंमत होतीच. त्यातल्या कितीतरी चिपा ४८,००० वरच चालत. तो टीव्ही आणि सिनेमाच्या चौकटींना नीट भाग जाणारा आकडा. सीडीचे ४४,१०० त्यात बसवायचे तर १४७ ला १६० या प्रमाणात नवे आकडे मधे घालावे लागतात आणि ते काम घाईत, स्वस्तात उरकलं जाई. शिवाय पंखे, डिस्क, प्रोसेसर यांच्या गर्दीत बसलेल्या त्या चिपेला सगळ्यांची कुजबुज ऐकू येई. माऊस हलवला की हेडफोनमध्ये किरकिर, हा अनुभव त्या पिढीतल्या बहुतेकांना असेल.

उपाय सरळ होता: आकड्यांचा आवाज पेटीच्या बाहेर करायचा. वाट मिळाली यूएसबीची. जानेवारी १९९६ मध्ये तिचं पहिलं मानक आलं. ती घडवणाऱ्यांत इंटेलमधले, मूळचे बडोद्याचे अजय भट्ट होते. कीबोर्ड-माऊस-प्रिंटरचा गुंता सोडवण्यासाठी केलेली ही तार, पण तिच्यात आवाजासाठी राखीव जागा होती. दर मिलिसेकंदाला एक पुडकं. आता मिलिसेकंदाला ४४,१०० ची मापं किती पडतात? ४४.१. पॉइंट एक माप पाठवता येत नाही. म्हणून नऊ पुडक्यांत ४४-४४ मापं आणि दहाव्यात ४५. सीडीच्या दर्जाचं गाणं साध्या यूएसबी डॅकवर ऐकताना तारेतून हीच लावणी चालू असते. शेतकरी दहाव्या सरीत एक रोप जास्त लावतो तशी.

यातली नाजूक जागा म्हणजे घड्याळ. सुरुवातीचे डॅक संगणकाच्या चालीने चालत; संगणक जरा अडखळला की तेही अडखळत. पुढे उलटं केलं गेलं. डॅकमध्ये स्वतःचं पक्कं घड्याळ, आणि तोच संगणकाला सांगतो, आता थोडं जास्त पाठव, आता थोडं कमी. गाणाऱ्याने लय धरावी आणि तबलजीने मागोमाग यावं, तशी ही मुखत्यारी बदलली. माझं मत स्पष्ट सांगतो: हा बदल झाल्यावर आणि चिपा एवढ्या सुधारल्यावर टेबलापुरता डॅकचा प्रश्न सुटलेला आहे. हजारभर रुपयांची डबी कानाच्या गरजेहून जास्त अचूक असते. दहा हजारांच्या डबीने माझ्या कानाला पडलेला फरक मला डोळे मिटून ओळखता आला नाही.

मात्र काही गोष्टी कुठल्याही डॅकने परत येत नाहीत. माझ्या आजोळी, मिरजेला, आजीच्या ओव्यांची एक कॅसेट होती. मागे जात्याची घरघर. घरातल्या कुणीतरी २००० नंतर कधीतरी ती संगणकावर घेतली, जागा वाचावी म्हणून अगदी लहान एमपीथ्री केली, आणि कॅसेटवर पुढे दुसरंच काहीतरी भरलं. एमपीथ्रीचं शास्त्र जर्मनीत एरलांगेनला कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं. मोठ्या आवाजाच्या आड लपलेला लहान आवाज कानाला कळत नाही, तर तो टाकून द्या. सुझॅन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांविना गायलेलं गाणं त्यांनी चाचणीला घेतलं, कारण उघड्या गळ्याच्या आवाजात खोट लगेच दिसते. बेताचे बिट दिले तर हे तंत्र कमाल करतं. फार कमी दिले की आधी मरतो तो नुसता खरखराट. कारण सुराला आकार असतो, तो थोडक्यात सांगता येतो. घरघरीला आकार नसतो, ती सांगायला बिट लागतात. आजीचा आवाज त्या फाइलमध्ये बराचसा शाबूत आहे. जातं मात्र पाण्याखाली फिरतंय. जे टाकलं गेलं ते फाइलमध्ये नाहीच, तेव्हा स्पीकर कितीही चांगला घेतला तरी तो ते आणणार कुठून?

आता स्पीकर. इथे संगणकाचा इतिहास संपतो आणि हवेचा सुरू होतो. खालचे सूर काढायचे तर पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून चांगला स्पीकर म्हणजे कपाट, असं १९५० पर्यंत समीकरण होतं. एडगर व्हिलचर या न्यूयॉर्कमधल्या शिक्षकाच्या डोक्यात आलं की शंकूला मागे खेचणारी कडक स्प्रिंग हवीच कशाला? शंकू सैल ठेवा आणि पेटी हवाबंद करा; आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करेल, आणि कुठल्याही कापडी-कागदी स्प्रिंगपेक्षा इमाने करेल. १९५४ मध्ये त्याने हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याबरोबर कंपनी काढून असा स्पीकर बाजारात आणला. कपाटाची पेटी झाली. पुढे क्लॉसबरोबर काम केलेल्या अँटन हॉफमनचा नियम प्रसिद्ध झाला: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिघांपैकी कुठलेही दोन मागा. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी याचं पूर्ण गणित मांडलं, आणि पेटी बांधण्याआधीच ती कशी वाजेल हे कागदावर कळू लागलं.

टेबलावरच्या स्पीकरांचा खरा पूर्वज मला बीबीसीत सापडला. बाहेरच्या कार्यक्रमांचं प्रक्षेपण करणाऱ्या व्हॅनमध्ये तंत्रज्ञ दाटीवाटीने बसत. कानापासून हातभर अंतरावर ठेवता येईल आणि माणसाचं बोलणं खरं ऐकवेल असा स्पीकर त्यांना हवा होता. १९७० च्या दशकात बीबीसीच्या इंजिनियरांनी एलएस३/५ए बनवला. उंची एक फूट, आत साधारण पाच लिटर हवा. पाच लिटरांतून खोल खर्ज निघत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून शंभर हर्ट्झच्या वरच्या अंगाला त्यांनी किंचित फुगवटा ठेवला, म्हणजे नसलेल्या खर्जाची उणीव भासू नये. व्हॅनमधल्या त्या माणसाची आणि माझी बैठक एकच: अरुंद जागा, जवळ कान, समोर काम.

या दोन्ही कहाण्या एकदा एकमेकींना भेटल्याही. क्लॉसने १९८८ मध्ये केंब्रिज साउंडवर्क्स नावाची कंपनी काढली. ती संगणकाचे छोटे स्पीकरही बनवू लागली. १९९७ मध्ये ती विकत घेतली कुणी, तर साउंड ब्लास्टरवाल्या क्रिएटिव्हने.

टेबल स्वतःही वाजतं, हे मात्र खोक्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या टेबलाचा हिशोब मांडून दाखवतो. स्पीकरचं तोंड टेबलापासून २० सेंटिमीटर उंच, कान ४५ सेंटिमीटर उंच, मधलं आडवं अंतर ७०. आवाज सरळ येतो तो सुमारे ७४ सेंटिमीटर चालून; टेबलावर आपटून येतो तो ९५ हून थोडं जास्त. फरक २१ सेंटिमीटर. ज्या लहरीची अर्धी लांबी एवढी आहे तिचे दोन्ही हप्ते कानाशी उलटसुलट पोचतात आणि एकमेकांना खातात. ती लहर पडते ८०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याच्या ऐन मध्यात. आवाज नळीतून आल्यासारखा लागतो तो यामुळे, आणि लोक त्यासाठी डॅक बदलतात.

खाली काही नसणं आणि मधे भगदाड असणं यांत कान भेदभाव करतो. टेलिफोन ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतो. बहुतेक माणसांच्या बोलण्याचा मूळ सूर त्याखालीच असतो, तरी आपण आईचा आवाज फोनवर ओळखतो. वरच्या हार्मोनिकांमधल्या अंतरावरून मेंदू मूळ सूर जुळवून घेतो. आणि इथे मिरजेच्या तंबोऱ्याची आठवण येणं भागच आहे. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ७० हर्ट्झला. माझा चार इंची वूफर ८० च्या खाली हात टेकतो. तरी त्यावर तंबोरा खर्जासकट ऐकू येतो, कारण तंबोऱ्यात मूळ सुरापेक्षा वरच्या हार्मोनिकांचाच संसार मोठा. घोडीच्या गोलसर माथ्यावर तार घासत उठते, खाली सुताचा दोरा सरकवून जवारी लागते आणि एका तारेतून सुरांचा जथा निघतो. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणेवर लिहिताना दाखवलं, की तार ज्या बिंदूला छेडली तिथे जे हार्मोनिक उमटू नयेत असा जुना नियम सांगतो, तेही या वाद्यांत खणखणीत उमटतात. स्वयंभू गंधार ऐकू येतो तो याच गर्दीतून. पखवाज आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याचं नशीब एवढं बरं नाही. तो पाच लिटरांत निम्माच येतो.

म्हणून शेवटी पैसे कुठे घातले, तर दोन विटांवर. कापडात गुंडाळून उभ्या ठेवल्या आणि त्यांवर स्पीकर. विटेवर उभं राहायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तोंड कानाच्या पातळीला आलं, मग स्पीकर टेबलाच्या कडेकडे जरा पुढे ओढले. असं केलं की आवाज जिथून उसळून कानाशी येणार तो बिंदू टेबलाच्या बाहेर, माझ्या मांडीवर पडतो, आणि मांडी टेबलासारखी वाजत नाही.

सध्या दुपारी कोड बिल्ड होत असताना मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या लावतो. तीन-साडेतीन मिनिटांची बाजू, वरचे सूर तबकडीनेच कापलेले. माझ्या डॅकची बहुतेक ऐपत त्या वेळी रिकामी बसलेली असते. ८०० हर्ट्झची जागा मात्र भरलेली असते, आणि खाँसाहेब बराच वेळ तिथेच असतात.